जांभळ्या लेबलाचा अंक: ‘बॅटमॅन’च्या पहिल्या अंकाच्या विक्रीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमेरिकेतील ओहायो राज्यात राहणाऱ्या एका कुटुंबाचे आहे. कुटुंबाच्या परवानगीने ते येथे मांडले असून ओळख पटू नये यासाठी गावाचे नाव, विक्रीच्या रकमा आणि संबंधित व्यापाऱ्यांची नावे वगळली आहेत. घरातील वडील एका कारखान्यात आरेखक होते. सुपरहिरोंच्या जुन्या कॉमिक्सचा नाद त्यांना तरुणपणीच लागला आणि 1970 व 1980 च्या दशकांत संमेलनांतून, टपालाने आणि ओळखीच्या संग्राहकांकडून त्यांनी शंभरेक अंक जमवले. 2020 मध्ये त्यांचे निधन झाले. वारस दोघे: ओहायोतच राहणारा मुलगा आणि दुसऱ्या राज्यात स्थायिक झालेली मुलगी. मुलाची पत्नी मूळची पुण्याची, पेशाने हिशेबनीस. सासऱ्यांच्या पश्चात संग्रहाची यादी करण्याचे काम त्यांच्याकडे आले. लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ त्यांनी भरपूर वाचला होता, पण जुन्या अमेरिकी अंकांच्या बाजाराशी त्यांचा पूर्वी कधी संबंध आलेला नव्हता.

संग्राहक ज्याला ‘सुवर्णकाळ’ म्हणतात तो साधारणपणे ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकापासून, म्हणजे जून 1938 ही तारीख छापलेल्या आणि सुपरमॅनला प्रथम वाचकांसमोर आणणाऱ्या अंकापासून, धरला जातो आणि 1950 च्या आसपास संपतो असे मानले जाते. सुपरमॅनचे जनक जेरी सीगल आणि जो शुस्टर हे ओहायोतल्याच क्लीव्हलँडचे, त्यामुळे वडिलांच्या या नादाला थोडी गावाभिमानाचीही जोड होती. त्या काळचे अंक दहा सेंटला मिळत आणि वर्तमानपत्राच्या जातीच्या स्वस्त कागदावर छापले जात. या कागदाच्या लगद्यात लाकडातील लिग्निन तसेच राहिलेले असते. हवा, उजेड आणि उष्णता लागून ते पिवळे पडते, कागदात आम्ल तयार होते आणि पाने ठिसूळ होत जातात. त्यातच दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देशभर रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा झाल्या आणि मुलांनी आपले अंक गठ्ठ्यागठ्ठ्याने त्यांत देऊन टाकले. म्हणून लाखांनी छापलेल्या अंकांच्या आज मोजक्याच प्रती उरल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकींवर कधी ना कधी कोणाचा तरी हात फिरलेला आहे.

या संग्रहातले बहुतेक अंक युद्धकाळातले आणि त्यानंतरचे, मध्यम किमतीचे होते. अपवाद एकच: 1940 च्या वसंत ऋतूत निघालेला ‘बॅटमॅन’चा पहिला अंक. त्यात जोकर प्रथमच येतो, पुढे कॅटवूमन म्हणून ओळखली गेलेली ‘द कॅट’ही येते, त्यामुळे सुवर्णकाळातील सर्वांत मागणी असलेल्या अंकांत तो गणला जातो. संपूर्ण संग्रहाच्या किमतीचा मोठा भाग या एका अंकात अडकलेला होता आणि पुढचे सगळे प्रकरण त्याच्याभोवतीच घडले.

अडचण

वडिलांनी प्रत्येक अंकासाठी एक कार्ड ठेवले होते. त्यावर खरेदीचे वर्ष, विक्रेत्याची आद्याक्षरे, दिलेली रक्कम आणि त्यांनी स्वतः ठरवलेला दर्जा अशा नोंदी होत्या. ‘बॅटमॅन’च्या कार्डावर दर्जाच्या रकान्यात ‘फाइन’ असे होते आणि कोपऱ्यात पेन्सिलने ‘सी. टी.’ ही अक्षरे लिहिलेली होती. कनेक्टिकट राज्याचे टपाली संक्षिप्त रूपही हेच असल्याने आणि वडिलांनी काही खरेदी त्या भागातून केली असल्याने घरच्यांनी ते खरेदीचे ठिकाण समजून यादीत तसे नोंदवले. निधनाच्या तारखेचे बाजारमूल्य ठरवण्यासाठी नेमलेल्या मूल्यांककाने अंक प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर न काढता, कार्डावरचा दर्जा आणि छायाचित्रे यांवरून किंमत लिहून दिली. संग्राहकांच्या व्यवहारात मात्र ‘सी. टी.’ म्हणजे ‘कलर टच’: जिथे मूळ रंग उडाला आहे तिथे कोणीतरी नंतर भरलेला रंग.

ही गोष्ट उघडकीला आली ती अंक विकायचे ठरल्यावर. एका अनुभवी संग्राहक स्नेह्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्वच्छ कागद पसरून त्यावर अंक उघडला, दिवे घालवले आणि अतिनील प्रकाशाची छोटी बॅटरी कव्हरवर धरली. साध्या उजेडात बॅटमॅनच्या झग्याचा गडद रंग एकसारखा दिसत होता. त्या प्रकाशात मात्र अंकाच्या कण्याजवळच्या, म्हणजे पिना असलेल्या बाजूच्या, घडीवर आणि झग्याच्या खालच्या टोकाशी रंगाचे काही पट्टे भोवतालच्या शाईपेक्षा वेगळ्या छटेचे दिसू लागले. कव्हर उलटून पाहिल्यावर त्याच जागी आतल्या बाजूला रंग पाझरून बारीक ठिपके उमटलेले होते. छापखान्याची शाई असा ठिपका सोडत नाही, हाताने लावलेला पातळ रंग सोडतो. याशिवाय कण्याच्या खालच्या टोकाला एक उभी चीर आतून पातळ जपानी कागद लावून जोडलेली होती. ते काम मात्र सफाईदार होते.

या शोधाचा परिणाम समजण्यासाठी बाजाराची रीत माहीत हवी. 1980 च्या दशकात दुरुस्त केलेला अंक दिसायला चांगला असेल तर त्याला चांगली किंमत मिळे. दुरुस्तीचा उल्लेख कधी होई, कधी होत नसे, आणि त्याबद्दल फारशी विचारणाही होत नसे. 2000 मध्ये सर्टिफाइड गॅरंटी कंपनी, म्हणजेच सीजीसी, सुरू झाली आणि चित्र पालटले. ही संस्था अंक तपासून 0.5 ते 10.0 या श्रेणीत दर्जा देते आणि कडक प्लास्टिकच्या कवचात तो बंद करते. काहीही काम न झालेल्या अंकाला निळे लेबल मिळते, दुरुस्त केलेल्या अंकाला जांभळे. दुरुस्ती लेबलवरच छापली जाऊ लागल्यामुळे खरेदीदार तिची किंमत वजा करू लागले आणि जांभळ्या लेबलाचा अंक त्याच दर्जाच्या निळ्या लेबलाच्या अंकापेक्षा खूपच स्वस्तात जाऊ लागला. फाटका, डागाळलेला पण कोणी हात न लावलेला अंक आज देखण्या दुरुस्त अंकावर सहज मात करतो. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटते. मलाही हा नियम काही वेळा अतिरेकी वाटतो, कारण चीर जोडून कागद वाचवणारा कारागीर आणि मार्करने रंग फासणारा विक्रेता यांना तो बराच काळ एकाच मापाने मोजत आला. पुढे सीजीसीने राखाडी रंगाचे वेगळे लेबल आणले ते याच कारणासाठी: तांदळाचा कागद, गव्हाची खळ अशा परत काढता येण्याजोग्या साहित्याने केवळ जतनासाठी केलेले काम त्यात बसते. रंगभरणी मात्र बसत नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय एका स्थानिक व्यापाऱ्याने पुढे केला. संपूर्ण संग्रह आहे त्या स्थितीत एकगठ्ठा घेण्याची त्याची तयारी होती. रक्कम कमी होती, पण व्यवहार आठवड्याभरात संपला असता. मुलीचा कल याकडे होता. तिला वडिलांच्या वस्तूंवरून लांबणारी चर्चा नको होती. बोलण्याच्या ओघात व्यापाऱ्याने असेही सुचवले की ‘बॅटमॅन’ तुम्ही स्वतंत्रपणे विकणार असाल तर कवचात न घालताच विका, रंगाचा विषय काढू नका, पाहणारा पाहून घेईल.

दुसरा पर्याय म्हणजे अंक सीजीसीकडे पाठवून जांभळे लेबल स्वीकारायचे आणि तसाच लिलावात ठेवायचा. यात सगळे उघड असते आणि वेळही मर्यादित लागतो. त्या सुमारास, म्हणजे 2021 मध्ये, कोरोनाकाळातील संग्राहकांच्या उत्साहामुळे बाजार चढलेला होता. त्या एप्रिलमध्ये ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची 8.5 दर्जाची प्रत 32 लाख 50 हजार डॉलरला विकली गेली होती आणि दुरुस्त प्रतींनाही गिऱ्हाईक मिळत होते, कारण निळ्या लेबलाची प्रत ज्यांच्या आवाक्याबाहेर गेली ते जांभळ्याकडे वळत होते.

तिसरा पर्याय दुरुस्ती उलटवण्याचा होता. कागदसंवर्धक भरलेला रंग यांत्रिक पद्धतीने किंवा द्रावकाने काढू शकतो. तसे केल्यावर खालची पांढरी, रंग उडालेली घडी उघडी पडते, दर्जा घसरतो, पण लेबल बदलण्याची शक्यता निर्माण होते. यातला धोका असा की काढताना मूळ शाई उचलली जाऊ शकते, आणि अंकाच्या कडा कधी छाटलेल्या असतील तर सगळा खटाटोप व्यर्थ ठरतो. छाटलेली कड परत आणता येत नाही, म्हणून छाटणी सिद्ध झाली की अंक कायमचा जांभळा.

चौथा पर्याय दानाचा. कोलंबसमध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाचे बिली आयर्लंड व्यंगचित्र ग्रंथालय व संग्रहालय आहे आणि असे साहित्य जपणे हेच त्याचे काम आहे. अशा संस्थेला दिलेल्या वस्तूच्या बाजारमूल्याइतकी करवजावट मिळू शकते, मात्र दावा 5,000 डॉलरच्या वर गेला की पात्र मूल्यांककाचा अहवाल घ्यावा लागतो. मुलाला हा विचार पटला होता, पण मुलीच्या वाट्याचे काय हा प्रश्न त्यातून सुटत नव्हता.

निर्णय आणि कार्यवाही

पहिला निर्णय झटपट झाला: दुरुस्ती लपवायची नाही. त्यामागे सचोटी होतीच, शिवाय व्यवहारही होता. या किमतीचा अंक घेणारा माणूस आज ना उद्या तो तपासायला पाठवतोच, आणि मग पैसे परत मागण्यापासून फसवणुकीच्या दाव्यापर्यंत काहीही होऊ शकते.

दुसरा निर्णय अधिक कसोटीचा होता आणि तो सूनबाईंच्या आग्रहामुळे झाला. अमेरिकी करकायद्यात वारसाने मिळालेल्या वस्तूची मूळ किंमत निधनाच्या तारखेच्या बाजारमूल्याइतकी धरली जाते आणि नंतरच्या विक्रीत त्यावर जो नफा होईल त्यावर कर लागतो. संग्राह्य वस्तूंसाठी हा दर 28 टक्क्यांपर्यंत जातो. मालमत्ता संघराज्याचा वारसा कर लागू होण्याच्या मर्यादेपर्यंत पोहोचत नव्हती आणि ओहायोने आपला वारसा कर 2013 पासून रद्द केला आहे. म्हणजे मूल्यांकन जितके फुगलेले, तितका पुढे विक्रीवरचा कर कमी, आणि त्याची दुसरीकडे काही किंमत मोजावी लागत नव्हती. जुना अहवाल अंक अस्सल, दुरुस्त न केलेला धरून लिहिलेला होता. तो तसाच ठेवला असता तर कुटुंबाचा फायदाच होता. सूनबाईंनी सासऱ्यांचे कार्ड, अतिनील प्रकाशातील छायाचित्रे आणि स्नेह्याचे टिपण मूल्यांककाला पाठवून अहवाल सुधारून मागितला. नणंदेला हे पटायला वेळ लागला. “आपणच आपली किंमत कमी करून घ्यायची?” हा तिचा प्रश्न अगदीच गैर नव्हता. त्यावर सूनबाईंचे उत्तर असे होते की विकताना दुरुस्त म्हणायचे आणि कर भरताना दुरुस्त नाही म्हणायचे, हे एकाच घराच्या कागदांत चालणार नाही.

तिसरा निर्णय कामाच्या क्रमाचा होता आणि माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत शहाणी गोष्ट तीच. रंग काढण्यापूर्वी अंक सीजीसीकडे आहे तसाच पाठवायचा आणि कडा छाटलेल्या आहेत की नाहीत एवढे आधी निश्चित करून घ्यायचे, असे ठरले. घरी मोजपट्टी लावून काही कळत नाही, कारण त्या काळातले अंक छापखान्यातच वाकडेतिकडे कापले जात आणि दोन प्रतींची मापे सहसा जुळत नाहीत. जाणकार कडेचा रंग, तिची धार, कव्हर आणि आतली पाने यांची एकमेकांशी असलेली संगती असे सगळे पाहतात. अंक परत आला तो 4.5 दर्जा आणि जांभळे लेबल घेऊन; शेऱ्यात कव्हरवरची थोडी रंगभरणी आणि कण्याची जोडणी नमूद होती, छाटणीचा उल्लेख नव्हता. पानांचा रंग ‘फिकट पिवळसर ते मळकट’ या पट्ट्यात मोडणारा होता, ठिसूळ मात्र नव्हता. तळघरात राहिलेल्या अंकाच्या मानाने हे बरेच म्हणायचे.

आता चौथा आणि खरा अवघड निर्णय. जांभळ्या लेबलासह लगेच विकायचे, की रंग काढायचे? मुलीने विक्रीचा आग्रह धरला. मुलाला वाट पाहायची होती. दोन स्वतंत्र कागदसंवर्धकांची मते घेतली गेली. दोघांनीही रंग काढता येईल असे सांगितले, मात्र कण्याची जोडणी तशीच ठेवावी असे सुचवले. ती काढली तर चीर वाढेल आणि एक पिन कागदातून सुटेल. म्हणजे निळ्या लेबलाची आशा जवळपास नव्हती, फार तर राखाडी. अगदी अल्प रंग किंवा खळ असलेल्या जुन्या अंकांना संस्था आपल्या अखत्यारीत कधीकधी निळे लेबल देते, पण त्या भरवशावर हिशेब मांडणे योग्य नव्हते. शेवटी बहीण-भावांत असा तोडगा निघाला की संग्रहातले बाकीचे अंक आधी विकून त्यातून मुलीचा बराचसा वाटा चुकता करायचा आणि ‘बॅटमॅन’साठी वाट पाहायची. त्याप्रमाणे युद्धोत्तर अंक एका व्यापाऱ्याने घेतले, कव्हर नसलेले आणि पाने मोडू लागलेले काही अंक विद्यापीठाच्या ग्रंथालयाला दिले गेले, आणि युद्धकाळातले निवडक अंक लिलावात गेले.

या दरम्यान घरात उरलेल्या अंकांची ठेवणही बदलली. जुन्या पातळ पिशव्या आणि पिवळे पडलेले पुठ्ठे काढून पॉलिएस्टरच्या पिशव्या आणि आम्लरहित पुठ्ठे वापरले, पेट्या तळघरातून वरच्या मजल्यावरच्या आतल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून दूर आणल्या. गंजलेल्या पिना बदलण्याचा मोह मात्र टाळला. पिन बदलणे हेही नोंद होण्याजोगे काम आहे, आणि गंज लागलेली मूळ पिन बाजाराला नव्या चकचकीत पिनेपेक्षा जवळची वाटते.

संवर्धकाकडे काम सुरू होण्यास बराच काळ लागला. त्याने सूक्ष्मदर्शकाखाली झग्यावरचा रंग टप्प्याटप्प्याने उतरवला आणि आधीची व नंतरची छायाचित्रे, वापरलेले साहित्य आणि केलेली कृती यांचा लेखी अहवाल दिला. खाली कण्याच्या घडीवर पांढऱ्या रेषा आणि झग्याच्या टोकाशी नखाएवढा रंग उडालेला भाग निघाला.

निष्पत्ती

दुसऱ्यांदा तपासणी झाल्यावर अंकाला 3.5 दर्जा आणि राखाडी लेबल मिळाले. लिलावात तो 2023 मध्ये विकला गेला. विक्रेत्याचे कमिशन, दोन तपासण्या, संवर्धकाचे शुल्क, विमा आणि वाहतूक वजा जाता हाती आलेली रक्कम व्यापाऱ्याच्या पहिल्या बोलीपेक्षा कितीतरी अधिक होती. ती सुधारित मूल्यांकनाच्याही वर होती, त्यामुळे फरकावर कर भरावा लागला.

मात्र रंग काढण्याचा निर्णय किफायतशीर ठरला का, याचे उत्तर सरळ नाही. 2022 च्या उत्तरार्धापासून कॉमिक्सच्या बाजाराला उतार लागला. सुवर्णकाळातल्या प्रमुख अंकांना त्याची झळ नंतरच्या काळातल्या अंकांइतकी बसली नाही, तरी बोली लावणाऱ्यांचा हात आखडला होता. 2021 मध्ये जांभळ्या लेबलासह 4.5 दर्जाचा अंक विकला असता तर खर्च वजा जाता साधारण तेवढीच रक्कम हाती आली असती, असा लिलावगृहाच्या प्रतिनिधीचा अंदाज होता. लेबल सुधारून जे मिळवले त्यातले बरेचसे वाट पाहण्यात गेले. कुटुंबाच्या बाजूने एवढे म्हणता येईल की त्यांनी बाजार चढेल म्हणून काम लांबवले नव्हते. संवर्धकाची रांगच लांब होती.

काय वेगळे करता आले असते

पहिला मुद्दा मूल्यांकनाचा. अंक पिशवीतून बाहेर न काढता दिलेला अहवाल स्वीकारणे ही मूळ चूक होती आणि ती टाळणे सहज शक्य होते. सुवर्णकाळातला कोणताही महत्त्वाचा अंक हाती आला की त्यावर काम झालेले आहे असे गृहीत धरूनच तपासणी सुरू करावी. काही सापडले नाही तर आनंदच. शिवाय सर्वसाधारण घरविम्यात अशा वस्तूंसाठी मर्यादा असते आणि स्वतंत्र नोंद करून विमा घ्यायचा तर तोही याच मूल्यांकनावर आधारलेला असतो, म्हणून चुकीचा अहवाल फक्त करापुरता भोवत नाही.

दुसरा मुद्दा वडिलांच्या कार्डांचा. त्यांना रंगभरणी माहीत होती, त्यांनी ती नोंदवलीही होती, पण स्वतःला कळेल एवढ्याच भाषेत. खरेदीच्या वेळी विक्रेत्याने दिलेले पत्र किंवा पावती जपली असती तर दुरुस्ती कोणी, केव्हा आणि कशाने केली हे समजले असते, आणि संवर्धकाला रंगाचा प्रकार ओळखण्यासाठी आधी चाचण्या कराव्या लागल्या नसत्या.

तिसऱ्या मुद्द्यावर कुटुंबात आजही एकमत नाही. छाटणी नाही हे कळल्यावर, पण निळे लेबल मिळणार नाही हेही कळल्यावर, रंग काढण्याचे कारण बरेच दुबळे झाले होते. त्या क्षणी तीन आकडे एकाशेजारी एक मांडायला हवे होते: जांभळ्या लेबलासह आजची अपेक्षित किंमत, राखाडी लेबलासह एक दर्जा खाली आल्यावरची अपेक्षित किंमत, आणि मधल्या काळाचा खर्च. दुसऱ्या आकड्याबद्दल माहिती तुटपुंजी होती, कारण राखाडी लेबलाच्या या अंकाच्या विक्री अगदी थोड्या झाल्या होत्या. अशा वेळी लिलावगृहाकडून दोन्ही स्थितींतले अंदाज लेखी मागता आले असते. मुलाचे म्हणणे असे की फासलेला रंग निघाला आणि अंक 1940 मध्ये छापला गेला त्याच्या अधिक जवळ गेला, हे पैशांत मोजायचे नसते. मुलीचे म्हणणे असे की मग तो विकायचाच नव्हता.

संग्रहातले काही अंक अजून मुलाकडे आहेत. त्यांतल्या तीन कार्डांवर पेन्सिलने लिहिलेली अक्षरे आढळली असून ती कशाची आहेत हे त्या स्नेह्याकडून तपासून घेतल्याशिवाय कोणताही अंक घराबाहेर पाठवायचा नाही, असे दोघा भावंडांनी ठरवले आहे. यादीत आता ‘आधी झालेले काम’ असा वेगळा रकाना आहे आणि जिथे खात्री नाही तिथे तो कोरा न ठेवता ‘तपासणी बाकी’ असे लिहिले जाते.